'इंटेंडंट' म्हणजे वाहिनीचा मालक नव्हे

जर्मन दूरचित्रवाणी पत्रकार फ्रिट्झ प्लाइटगेन यांचा मराठीत परिचय लिहिताना एक वाचक अडले आहेत. १९९५ ते २००७ या काळात प्लाइटगेन कोलोनच्या 'वेस्टडॉइचर रुंडफुंक' या प्रसारणसंस्थेचे 'इंटेंडंट' होते. याला 'मुख्य संपादक' म्हटलं तर चालेल का, असं ते विचारतात.

नाही चालणार. मुख्य संपादक ते १९८८ मध्येच झाले होते, मॉस्को, पूर्व बर्लिन आणि अमेरिकेतून वर्षानुवर्षं बातमीदारी करून परतल्यावर. १९९४ मध्ये रेडिओचे संचालक झाले आणि मग इंटेंडंट. पद सर्वस्वी निराळं. आणि 'वाहिनीचे मालक' असं जे सर्रास छापलं जातं, ते तर वाचवत नाही! ही संस्था मुख्यतः लोकांनी भरलेल्या शुल्कावर चालते, तिला मालक कुठला? राजकीय पक्ष, चर्च, कामगार संघटना वगैरेंचे प्रतिनिधी असलेली प्रसारण परिषद इंटेंडंट निवडते. कार्यक्रमांची अखेरची जबाबदारी त्याच्यावर.

खरी मौज मुळात आहे. शब्द फ्रेंचमधून जर्मनमध्ये आला, पण मूळ लॅटिन 'इंतेंदेरे', म्हणजे एखाद्या दिशेला ताणणे, लक्ष लावणे. त्यातला 'तेंदेरे' हा आपल्या संस्कृत 'तन्' धातूचा सख्खा भाऊ. तंतू, तंत्र, गवयाची तान, मागावरचा ताणा, सगळी एकाच घरची माणसं.

कोशप्रेमी मंडळी इथे 'अधीक्षक' सुचवतात, कारण इंग्रजी 'सुपरिंटेंडंट'मध्येही हाच शब्द दडलेला आहे. नातं खरं, निष्कर्ष साफ चुकीचा. 'अधि' अधिक 'ईक्ष्', म्हणजे वरून पाहणारा. वसतिगृहाला अधीक्षक लागतो. ताणून धरण्याचा अर्थ त्यात औषधालाही नाही. शब्द कुठल्या वाटेने आला हेही ही मंडळी पाहत नाहीत. जर्मनीत नाट्यगृहाच्या, ऑपेराच्या प्रमुखाला आजही इंटेंडंट म्हणतात. रेडिओने तो रंगभूमीकडूनच उचलला. हान्स फ्लेश १९२९ मध्ये बर्लिन रेडिओचे इंटेंडंट झाले, तेव्हा दूरचित्रवाणी बाल्यावस्थेत होती.

मग रंगभूमीवरचाच शब्द का नको? सूत्रधार! कठपुतळीच्या दोऱ्या धरणारा तो सूत्रधार, ही व्युत्पत्ती सगळे सांगतात. मला ती पटत नाही. नाट्यशास्त्राच्या दुसऱ्या अध्यायात नाट्यगृहाची जमीन सूत्राने मोजायला सांगितली आहे. दोर असा हवा की तुटू नये. मधोमध तुटला तर स्वामीचं मरण अटळ, असं भरतमुनी बजावतात. तो दोर ताणून धरणारा तो सूत्रधार, असं माझं ठाम मत आहे. म्हणजे इकडेही ताणणं, तिकडेही ताणणं, आणि दोन्हीकडे नाट्यगृह. याहून नेमका प्रतिशब्द मिळायचा नाही.

अडचण एकच. आपल्या बातम्यांनी हा शब्द नासवला आहे. दरोड्याचा सूत्रधार, पेपरफुटीचा सूत्रधार, घोटाळ्याचा सूत्रधार! 'प्लाइटगेन बारा वर्षं सूत्रधार होते' असं लिहिलं तर वाचक विचारेल, कुठल्या गुन्ह्याचे? नांदी म्हणून नाटक उभं करणाऱ्या माणसाला चोरांच्या रांगेत कशाला बसवायचं? चोरांसाठी 'म्होरक्या' हा फक्कड शब्द मराठीत आहे. तो वापरा.