कुबडी घेऊन शाळेत रुजू होताना

ताई, अभिनंदन! शिकवण्याची काळजी नंतर, आधी पायाखालची जमीन बघा. आपल्या काळ्या मातीचा चिखल कुबडीच्या रबराला चिकटतो आणि ओल्या शहाबादी फरशीवर कुबडी सटकते. दारात पोतं टाका, रबर पुसूनच आत या. खालची नक्षी झिजली की रबर लगेच बदला, पावसाळाभर एक जोडी पिशवीत असू द्या.

वर्ग तळमजल्यावरचाच मागा. तोंडी नको, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम २० (नोकरीत भेदभाव नको, गरजेच्या सोयी द्या, असं सांगणारं) लिहून अर्ज द्या, पोच घ्या. दारात पायरी असेल तर तिथला उतार (रॅम्प) १:१२ हवा, म्हणजे ६ इंचांच्या पायरीला ६ फूट. घाईत बांधलेला ३ फुटी उतार पायरीपेक्षा धोक्याचा.

आणि दिवसभर उभं राहू नका, नवे शिक्षक इथंच चुकतात. खुर्चीत बसून फळ्याचा खालचा भाग वापरा, वरचं मुलं आनंदानं लिहितात.