सीझन बॉलची भीती: आधी बॉल हलका करा

ताई, तुमचा 11 वर्षांचा मुलगा टेनिस बॉलवर बिनधास्त खेळायचा. बरगडीत सीझन बॉल, म्हणजे चामड्याचा कडक बॉल, बसल्यापासून मात्र बॉलर धावत आला की तो स्क्वेअर लेगकडे, म्हणजे स्टंपपासून बाजूला, लेगला सरकतो, आणि घरी त्याला 'मन घट्ट कर' असं सांगितलं जातंय. बरीच वर्षं क्रिकेटच्या नेटमध्ये मुलांना शिकवतोय. असं सांगून कुणाचा पाय जागेवर राहिलेला मी पाहिला नाही.

बरगडी अजून दुखत असेल तर आधी डॉक्टर. दुखणं थांबलं असेल तर आज घरीच त्याला सगळं किट चढवून उभा करा आणि मान जोरात हलवायला सांगा. हेल्मेट डोक्यावर फिरलं तर ते मोठं आहे. आपल्याकडे गणवेशासारखं हेल्मेटही 'वाढत्या अंगाचं' घेतात. मग जाळीची पट्टी ऐन डोळ्यांसमोर येते, बॉल उशिरा दिसतो आणि पोरगं घाबरतं, यात त्याचं काय चुकलं? पॅड मोठे असतील तर त्याला हलताच येत नाही. चेस्ट गार्ड जरूर घ्या, एकदा डोळेही तपासून घ्या.

नेटमध्ये बॉल कुठला आहे, तेही सरांना विचारा. मोठ्यांचा बॉल 155.9 ते 163 ग्रॅमचा असतो, 13 वर्षांखालच्या मुलांचा 133 ते 144 ग्रॅमचा. पुष्कळ ठिकाणी सगळ्यांना एकच बॉल टाकतात.

आता खरं काम. काही दिवस सीझन बॉल बाजूला ठेवा. गच्चीवर किंवा सोसायटीच्या आवारात, निम्म्या अंतरावरून, खालून हाताने टेनिस बॉल टाका. त्याने फक्त बॉल कुठे पडला ते ओरडून सांगायचं: 'पुढे' किंवा 'मागे'. जोरात मारायचं नाही. नजर टप्प्यावर बसली की पाय आपोआप कमी पळतात.

मग त्याला बॉल सोडायला शिकवा. हे बहुतेक जण गाळतात, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त फरक इथेच पडतो. टेनिस बॉलच छातीच्या उंचीवर उसळू द्या. हात खाली, गुडघ्यात वाकायचं किंवा मागे झुकायचं, पण डोळे बॉलवरच. लेगला पळणारा मुलगा तोंड फिरवतो, छाती बॉलरसमोर उघडी पडते आणि मार नेमका अंगावर बसतो. आपल्याला बॉल चुकवता येतो, हे एकदा कळलं की तो आधीच पळत नाही.

त्यानंतर हळू थ्रोडाउनने, म्हणजे जवळून हाताने फेकून, सीझन बॉल, मग त्याच्या वयाचा स्पिनर, आणि वेगवान बॉलर सगळ्यात शेवटी. मध्ये कुठे बिचकला तर एक पायरी खाली या, चार बॉल नीट खेळू द्या आणि मगच थांबा. ऐन भीतीच्या क्षणी नेटबाहेर काढलं तर पळालो म्हणून वाचलो, एवढंच त्याच्या मनात बसतं. आणि त्याच बॉलरसमोर जबरदस्तीने उभं करणारे सर असतील तर नेट बदला.

सचिनची सियालकोट टेस्टची गोष्ट आत्ता सांगू नका. 1989 मध्ये 16 वर्षांच्या सचिनच्या नाकावर पाकिस्तानच्या वकार युनूसचा बॉल बसला, रक्त आलं, तरी तो उभा राहिला आणि 57 धावा केल्या. पण त्याआधी त्याचे कोच आचरेकर सरांच्या हाताखाली शिवाजी पार्कवर त्याने किती सीझन बॉल खेळले होते! घाबरलेला मुलगा त्यातून 'मी तसा नाही' एवढंच ऐकतो.

बाबांना नेटच्या मागे उभं राहू देऊ नका. घरी आल्यावर 'आज कुठला बॉल नीट दिसला?' एवढंच विचारा. सरावाच्या आदल्या रात्री पोटात दुखणं, झोप न लागणं सुरू झालं तर क्रीडा मानसोपचारतज्ज्ञांना भेटा, त्यात कमीपणा नाही. आणि शाळेच्या पुढच्या मॅचला त्याला ओपनिंगऐवजी सहाव्या-सातव्या नंबरवर पाठवा, असं सरांना बाजूला घेऊन सांगा. मुलासमोर नको.