वाघाआधी कोण मेलं?

चि. डॉक्टर,
अनेक शुभाशीर्वाद.

वन्यजीवांच्या कामावर रुजू झालीस आणि पहिलीच जबाबदारी जंगली सस्तन प्राण्यांतल्या बर्ड फ्लूवर नजर ठेवण्याची मिळाली, हे वाचून फार बरं वाटलं. नमुने कोणाचे घ्यायचे, किती आणि कधी, असं तू विचारलंस. सांगतो. पण त्याआधी एक गोष्ट मनात पक्की कर. या आजारात वाघ बहुधा शेवटी मरतो. तो मेला की बातमी होते, समिती येते, चित्रीकरण होतं, नमुने भोपाळला रवाना होतात. त्याच्याआधी जे मरतं, त्याचा पंचनामा कोणी करत नाही. तुझं काम तिथून सुरू होतं.

डिसेंबर २०२४ च्या अखेरीस नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट दगावले. वाघ चंद्रपूरकडून, माणसांशी संघर्ष झाल्यावर आणलेले. जानेवारी उजाडता उजाडता भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेचा अहवाल आला: एच५एन१, म्हणजे बर्ड फ्लूचा विषाणू. त्याच जानेवारीत उदगीरमध्ये कावळे मरून पडू लागले, त्यांच्यातही हाच विषाणू निघाला. २०२५ च्या सुरुवातीलाच नागपूरला लागून असलेल्या छिंदवाड्यात तो घरच्या मांजरांमध्ये सापडला. मे महिन्यात गोरखपूरच्या प्राणिसंग्रहालयातली वाघीण गेली.

या सगळ्या घटना एकाच साखळीतल्या आहेत असं धरून चालू नकोस. विषाणूचा जनुकीय क्रम ताडून पाहिल्याशिवाय तसं कोणी म्हणूही नये. पण त्या एका कागदावर मांडून बघ. मेलेला कावळा नगरपालिकेच्या नाहीतर पशुसंवर्धन खात्याच्या फाइलीत, वाघ वनखात्याच्या फाइलीत, आणि मांजर कोणाच्याच फाइलीत नाही. विषाणू मात्र या तिन्हींमधून बिनबोभाट फिरतो. म्हणून तुझ्या टेबलावर एक साधी वही ठेव आणि तीत कावळे, बगळे, गावातली मांजरं, कोल्हे, रानमांजरं, उदमांजरं, सगळ्यांचे मृत्यू एकाखाली एक लिही. तारीख, ठिकाण, किती, आणि आसपास पाणवठा किंवा पोल्ट्री आहे का. एवढं पुरे.

मांजराला कमी लेखू नकोस. अमेरिकेत २०२४ साली दुभत्या गाईंमध्ये हा विषाणू सापडला, त्याआधी टेक्सासमधल्या गोठ्यांवर गाईंचं दूध अचानक आटत होतं आणि कारण कळत नव्हतं. त्याच गोठ्यांवर कच्चं दूध प्यायलेली मांजरं मरत होती, आसपास पक्षीही मरून पडले होते. तिथल्या पशुवैद्यांनी हे तिन्ही एकत्र पाहिलं म्हणून त्यांना इन्फ्लुएन्झा तपासायचं सुचलं. गाईच्या गोठ्यात बर्ड फ्लू शोधायला एरवी कोण गेलं असतं?

आता खाद्याबद्दल. मांसाहारी प्राण्याला हा आजार होतो तो बहुतेक वेळा तोंडावाटे, संसर्ग झालेला पक्षी खाऊन. थायलंडच्या श्रीराचा इथल्या वाघ प्रकल्पात ऑक्टोबर २००४ मध्ये जे झालं ते प्रत्येक बचाव केंद्राने वाचावं असं आहे. ४४१ वाघांपैकी १४७ मेले किंवा मारावे लागले. त्यांना कच्च्या कोंबड्या दिल्या जात होत्या. कच्ची कोंबडी बंद केल्यावरही नवे वाघ आजारी पडत राहिले, त्यावरून एका वाघाकडून दुसऱ्याला लागण होत असावी असा निष्कर्ष निघाला. तेव्हा केंद्रात गेलीस की पिंजऱ्याकडे जाण्याआधी खाद्याच्या खोलीत जा. कोंबडी कुठून येते, बॅच कोणती, पुरवठादाराच्या शेडवर गेल्या आठवड्यात मरतूक किती होती, ते विचार. मेलेले पक्षी स्वस्तात येतात, आणि स्वस्त माल घेण्याचा मोह बजेट अपुरं असलेल्या प्रत्येक केंद्राला होतो. उकडून दिलं तर विषाणू मरतो. ज्या भागात साथ आहे तिथे कोंबडी बंदच करावी, हे माझं स्पष्ट मत आहे.

मोकळ्या रानात हीच खाद्याची खोली रस्त्याकडेच्या नाल्यात असते. शेडमधली मरतूक खड्डा खणून, चुना टाकून पुरायची हे प्रत्येक पोल्ट्रीवाल्याला ठाऊक असतं, तरी रात्री पोती नाल्यात रिकामी होतात. कोल्हे, कुत्री, तरस, उसातले बिबटे तिथे येतात. तुझ्या हद्दीतल्या अशा जागा वनरक्षकांना आणि गुराख्यांना पाठ असतात. तिथे कॅमेरा ट्रॅप लाव. कोण येतं हे कळलं की कोणावर लक्ष ठेवायचं ते आपोआप ठरेल. आणि पोल्ट्रीवाल्याशी भांडू नकोस. २००६ साली देशातला पहिला एच५एन१ आपल्याच नवापूरला निघाला, लाखो पक्षी मारावे लागले, अंडी-चिकनचे भाव कोसळले. ती आठवण या धंद्यात अजून ताजी आहे. साथ निघाली की एक किलोमीटरच्या आतले पक्षी मारतात आणि दहा किलोमीटरपर्यंत पाळत ठेवतात. ज्याच्या शेडवर कर्ज आहे तो घाबरून गप्प बसणारच. त्याला भरपाईचे नियम नीट समजावून सांगणारा माणूस तू झालीस, तर तो पहिला फोन तुला करेल.

प्रत्यक्ष नमुन्यांकडे येऊ. पक्ष्यांमध्ये घशाचा आणि विष्ठामार्गाचा बोळा (स्वॅब) घेतात. त्या सवयीने सस्तन प्राण्याकडे गेलीस तर फसशील. मांसाहारी प्राण्यांत हा विषाणू मेंदूत घुसतो. कोल्हा गोल गोल फिरतो, लटपटतो, माणसाला भीत नाही, झटके येतात. अशा वेळी नाका-घशाचे बोळे निगेटिव्ह आणि मेंदू पॉझिटिव्ह असंही होतं. म्हणून मेंदू हवाच. बरोबर फुप्फुस, श्वासनलिका, नाक, घसा आणि गुदाशयाचे बोळे. ही लक्षणं रेबीजचीही आहेत हे क्षणभरही विसरू नकोस. तुझी रेबीजची लस आधी पूर्ण कर. मेंदूचे भाग वेगळे करून रेबीज, डिस्टेंपर (कुत्र्यांमधला विषाणूजन्य रोग) आणि इन्फ्लुएन्झा तिन्हींसाठी पाठव. २०१८ मध्ये गीरचे सिंह डिस्टेंपरने मेले ते तुला माहीत आहे.

कवटी उघडायची तर विजेची करवत वापरू नकोस, तिने बारीक तुषार उडतात. हातकरवत घे, वर ओलं फडकं धर, एन-९५ मास्क आणि गॉगल घालूनच काम कर. रानात कवटी उघडण्याची सोय नसली तर दुसरी वाट आहे. प्रेताचं डोकं पुढे वाकव, मानेचा मागचा सांधा मोकळा कर. मेरुरज्जू जिथून कवटीत शिरतो ते छिद्र दिसेल. त्यातून जाड प्लास्टिकची नळी डोळ्याच्या दिशेने फिरवत आत सरकव, बाहेरचं टोक चिमटीत दाबून ओढून घे. मेंदूस्तंभ आणि छोट्या मेंदूचा तुकडा नळीत येतो. रेबीजसाठी ही पद्धत जुनी आहे. मृत प्राणी वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचीतला असेल तर हे सगळं परवानगीने आणि समितीसमोरच.

बोळा पॉलिस्टरचा असावा, लाकडी काडीचा नको, कारण लाकडातल्या द्रव्यांनी पीसीआर बिघडू शकतो. नमुना विषाणूवाहक द्रवात, तीन आवरणांत, बर्फाच्या पेटीत चार अंशांना. घरच्या फ्रीजरमध्ये गोठवून पुन्हा वितळवलास तर विषाणू मरू शकतो. उशीरच होणार असेल तर उणे ऐंशीची सोय शोध. माझा सगळ्यात मोठा आग्रह: सगळं फॉर्मॅलिनमध्ये बुडवू नका. वाघाच्या शवविच्छेदनात पहिला प्रश्न विषबाधेचा असतो. त्यामुळे पोट, यकृत, मूत्रपिंड नीट जपले जातात, ऊतींच्या तपासणीसाठी तुकडे फॉर्मॅलिनमध्ये जातात, आणि विषाणूसाठी थंडीत ठेवलेला तुकडा मात्र उरत नाही. तुझी पेटी वेगळी ने, आणि समितीतल्या प्रत्येकाला ती कशासाठी आहे हे आधीच सांग.

निगेटिव्ह अहवाल आला की तो कशाचा आहे हे वाच. मे महिन्यात विदर्भात तीन दिवस पडून राहिलेल्या प्रेताचा निगेटिव्ह अहवाल तुला काहीच सांगत नाही. तो "तपासला, नव्हता" या रकान्यात टाकू नकोस, "तपासण्यायोग्य नव्हता" असा वेगळा रकाना ठेव. जिवंत प्राण्यांचंही तसंच. उसात पकडलेला बिबट भूल देऊन उपचारासाठी टेबलावर असतो, तेव्हा थोडं रक्त घेऊन रक्तद्रव साठव. त्यात इन्फ्लुएन्झाची प्रतिपिंडं सापडली, तर तो आधी कधीतरी या विषाणूला सामोरा जाऊन वाचला असं कळतं. मेलेल्या प्राण्यांवरून हे कधीच कळत नाही.

पॉझिटिव्ह नमुन्याचा पूर्ण जनुकीय क्रम मागून घे. विषाणूच्या पीबी२ या प्रथिनातल्या ६२७ व्या जागी ग्लुटामिक आम्ल जाऊन लायसिन आलं, तर विषाणू सस्तन प्राण्यांच्या पेशींत जोमाने वाढू लागतो. २०२३ मध्ये अर्जेंटिनाच्या वाल्देस द्वीपकल्पावर हत्तीसीलांची सुमारे १७,००० पिल्लं मेली. तिथल्या विषाणूंत सस्तन प्राण्यांकडे झुकणारे असेच बदल सापडले, आणि तो सीलकडून सीलकडे पसरला असं अभ्यासकांचं मत आहे. आपल्याकडे असं काही सुरू झालंच, तर ते पहिल्या दोन-चार कोल्ह्यांत दिसायला हवं.

पिंजरा धुणाऱ्या माणसांची यादी कर. मरतूक झाल्यावर दहा दिवस रोज त्यांना ताप, खोकला, डोळे लाल होणं विचार आणि आरोग्य विभागाला कळव. जोराच्या पाइपने पिंजरे धुणं त्या काळात बंद. हंगामी फ्लूची लस त्यांना मिळावी म्हणून पत्र लिही, आणि उत्तर येईपर्यंत पाठपुरावा कर. सगळ्यात जास्त धोका ते घेतात आणि सगळ्यात कमी विचारले जातात.

तुझ्या हद्दीतल्या पोल्ट्र्या, पाणवठे आणि मरतूक टाकायच्या जागा यांचा नकाशा कर आणि मला पाठव. थंडीत स्थलांतरित बदकं उतरायच्या आत तो हाती हवा. कॅमेरे कुठे लावायचे ते आपण मिळून ठरवू.

तुझे सर