वाचकांचे प्रश्न : सडपातळ घराण्यातला मधुमेह

प्रश्न : आमच्या घरात कोणीच लठ्ठ नाही. वडिलांचे वजन ६० किलोच्या वर कधी गेले नाही, तरी त्यांना ४५व्या वर्षी मधुमेह झाला. आता ३८व्या वर्षी माझीही साखर वाढलेली निघाली. डॉक्टर ‘आनुवंशिक आहे’ एवढेच म्हणाले. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी याच विषयावर संशोधन केले आहे, असे ऐकतो. हा सारा दोष जनुकांचाच मानायचा का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : ‘कोणीच लठ्ठ नाही’ हे आपण वजनकाट्याच्या भरवशावर म्हणता, आणि गोम तिथेच आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या मधुमेह विभागात काम करणाऱ्या डॉ. याज्ञिकांनी लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांच्यासह २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच छायाचित्रे शेजारी शेजारी छापली होती. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, हे सांगणारा आकडा) अगदी सारखा, २२.३, पण शरीरातील चरबीचे प्रमाण युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर याज्ञिकांमध्ये २१.२ टक्के. अंगाने बारीक दिसणाऱ्या माणसाच्या पोटात आणि यकृताभोवती चरबी साठलेली असली आणि स्नायू कमी असले, तर इन्सुलिनचा प्रभाव मंदावतो; काटा मात्र सारे आलबेल असल्याचे सांगत राहतो.

ही ठेवण येते कुठून, हे शोधण्यासाठी याज्ञिकांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील स्त्रियांची गर्भधारणेच्या आधीपासून नोंद ठेवली आणि पुढे त्यांच्या मुलांचाही वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. तिथली बाळे जन्मतः सरासरी २.७ किलोची, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनची ३.५ किलोची होती. तरीही पुण्याकडच्या या किरकोळ बाळांच्या पाठीवरच्या त्वचेखालची चरबी फारशी कमी नव्हती. उणीव होती ती स्नायूंची आणि पोटातील अवयवांची. नाळेतल्या रक्तात इन्सुलिनही इंग्लंडच्या बाळांपेक्षा जास्त आढळले. म्हणजे साखरेचा पहिला दाणा जिभेवर पडण्यापूर्वीच या प्रवृत्तीची चाहूल लागलेली असते.

जनुकांचा वाटा नाही, असे मुळीच नाही. हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेतील शास्त्रज्ञांबरोबर पुण्याच्या रुग्णांची जनुके तपासली, तेव्हा युरोपात आधी सापडलेला टीसीएफ७एल२ या जनुकातील बदल इथेही मधुमेहाशी जोडलेला दिसला. एफटीओ या जनुकाची कथा अधिक रंजक आहे : युरोपीय लोकांत ते मुख्यतः वजन वाढवून मधुमेहाकडे नेते, भारतीयांत मात्र त्याचा मधुमेहाशी असलेला संबंध केवळ वजनाने उलगडत नाही. पण असे एकेक जनुक धोका थोडाच वाढवते. आणि एका पिढीकडून दुसरीकडे केवळ जनुकेच जात नाहीत, आईच्या पोषणाचा ठसाही जातो. या गावांतील सुमारे दोनतृतीयांश गर्भवतींमध्ये बी-१२ जीवनसत्त्व कमी होते. ज्यांच्यात ते कमी आणि फोलेट (गर्भवतींना फॉलिक ॲसिडच्या गोळ्यांतून मिळणारे जीवनसत्त्व) जास्त होते, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला होणारा प्रतिरोध सर्वाधिक आढळला. (हे वाचून कोणी आपल्या आईला दोष देऊ नये, तिच्या ताटात काय पडावे, हे बहुधा तिच्या हाती नव्हतेच.)

आपल्यापुरते सांगायचे तर जनुकचाचणीपेक्षा कमरेचा घेर मोजणे अधिक उपयोगाचे ठरेल. आशियाई लोकांत बीएमआय २३ झाला की सावध व्हावे, असे जागतिक आरोग्य संघटनेचे तज्ज्ञ सुचवतात. चालण्याबरोबर स्नायूंना ताण देणारे व्यायाम जोडावेत. आणि उपचारासाठी मेटफॉर्मिन दीर्घकाळ घ्यावे लागले तर त्यानेही बी-१२ घटू शकते, हे ध्यानात ठेवून अधूनमधून त्याची तपासणी करवून घ्यावी.

प्रश्न : फोलेट जास्त झाले तर अपाय होतो, असे वाचले. माझी सून तीन महिन्यांची गर्भवती आहे. तिच्या फॉलिक ॲसिडच्या गोळ्या थांबवू का?
– एक वाचिका, नाशिक

उत्तर : मुळीच नाही. बाळाच्या मेंदूतील व मणक्यातील जन्मजात दोष टाळण्यासाठी त्या आवश्यक असतात. आक्षेप फॉलिक ॲसिडला नसून बी-१२च्या सोबतच्या कमतरतेला आहे. सूनबाई शाकाहारी असतील आणि दूध-दही बेताचेच घेत असतील, तर बी-१२ तपासून घ्या आणि पूरक मात्रेबद्दल त्यांच्या डॉक्टरांशीच बोला. याज्ञिकांच्या गटाने पुढे याच गावांतील किशोरवयीन मुलामुलींना, ती आईबाप होण्याआधीच, रोज २ मायक्रोग्रॅम बी-१२ देण्याचा प्रयोग केला तो याच विचाराने.