कमी लेखलं का कमी दाखवलं?

अरे बाळा,

तुझी सोयाबीनची बातमी वाचली, गावात जाऊन लिहिलीस हे दिसतंय, पण एका वाक्यावर अडलो बघ. 'प्रशासनाने नुकसान कमी लेखले.' आता सांग, त्यांना अंदाज आला नाही म्हणायचंय का माहीत असून आकडा दाबला म्हणायचंय? संकटाला कमी लेखणं म्हणजे अंदाज चुकणं, माणसाला कमी लेखणं म्हणजे त्याला तुच्छ मानणं, आणि तू सांगायलास ते तिसरंच, कागदावर कमी दाखवणं. ते लै मोठं प्रकरण हाय, कारण पिकाचं नुकसान ३३ टक्क्यांच्या आत दाखवलं की सरकारी मदतीच्या यादीतून नावच कटतं. असा आरोप करायचा तर पंचनाम्याची नक्कल हातात पाहिजे. हातात आली तर सरळ लिही, पंचनाम्यात ३० टक्के, शेतकरी म्हणतो ७०. मग लेखलं न् दाखवलं, काहीच लागत नाही, वाचणाऱ्याला कळतं.

दुसरं, तो 'फक्त'. 'मंडळात फक्त ६० मिलीमीटर पाऊस' लिहिलंयस. महसूल मंडळात, म्हणजे काही गावांच्या गटात, २४ तासांत ६५ च्या वर गेला तरच अतिवृष्टी धरतात म्हणून तो 'फक्त' ऑफिसवाल्यांच्या तोंडात बसलाय, पण मांजरा नदीकाठच्या ज्याची जमीन खरडून गेली त्याला कशाचा फक्त? तो आपला शब्द नाही, काढून टाक.

'किरकोळ'चंही तसंच. किल्लारीत १९९२ सालीच धक्के बसायले होते, आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे काय झालं ते तुला घरातल्या म्हाताऱ्यांनी सांगितलंच असंल. म्हणून लातूर-धाराशिवच्या भूकंपाच्या बातमीत किरकोळ दिसलं की मी कापतोच, किती रिश्टरचा ते लिहायचं, किरकोळ का काय ते लोक ठरवतील.

आता खरी अडचण. आपली माणसं स्वतःचंच कमी करून सांगतात. बांधावर विचारलं की 'चालू हाय बघा, गेलं थोडंफार' म्हणतील, न् मागं शेंगा झाडावरच कोंब फुटून काळ्या पडलेल्या. पाव्हण्यापुढं रडायचं नाही ही रीत हाय. ते 'थोडंफार' तसंच छापलंस तर उद्या तेच कुणीतरी त्याच्या विरोधात वापरंल. म्हणून नुकसान किती झालं असं विचारूच नको, मागच्या साली पोती किती झाली न् औंदा किती ते विचार, मग बियाणं-खताच्या उधारीवर ये, तो आपोआप हिशोब सांगायला लागतो. मोबाईलवर रेकॉर्ड करायचं असंल तर मात्र आधी विचारून घे.