कॅप लावली तरी उजेड येतो!

मायक्रोस्कोपला किंवा टेलिस्कोपला लावायच्या कॅमेऱ्यांबद्दलचे प्रश्न गेले काही महिने साठतच चाललेत, आणि त्यातले बहुतेक एकाच वाक्याने सुरू होतात, "कॅमेरा खराब निघाला वाटतं." बघा, दहातले आठ कॅमेरे खराब नसतात हो, कुठेतरी रिंग कमी लागलेली असते, नाहीतर ऑटो चालू राहिलेला असतो, नाहीतर पावसाळा असतो. या वेळी निवडक पाच जणांना उत्तरं देतोय. दोघांना मोठी, बाकीच्यांना आटोपशीर.

प्रश्न: आमच्या बॉटनी लॅबमधे नवीन ट्रायनॉक्युलर (दोन डोळ्यांना आणि तिसरी नळी कॅमेऱ्याला असलेला) मायक्रोस्कोप आणि त्यावरचा कॅमेरा आलाय. आयपीसमधून कांद्याच्या मुळाच्या पेशी एकदम क्लिअर दिसतात पण स्क्रीनवर धूसर, आणि स्क्रीनवर फोकस केलं की आयपीसमधे धूसर. शिवाय सगळं पिवळट, आणि चित्र मधलंच तेवढं येतं. कंपनीचा माणूस लावून गेला तेव्हा ठीक होतं. (शिक्षिका, कराड)

ताई, कंपनीचा माणूस समोर असताना सगळं ठीकच असतं, तो जिन्यावरून उतरला की सुरू होतं!

आधी फोकसचं. कॅमेऱ्याच्या तोंडाला जो आटा असतो त्याला सी-माउंट म्हणतात, एक इंच व्यासाचा, आणि त्याच्या कडेपासून सेन्सरपर्यंतचं (उजेड टिपणाऱ्या चिपपर्यंतचं) अंतर १७.५२६ मिमी ठरलेलं आहे. त्याचाच भाऊ सीएस-माउंट, आटा तोच पण अंतर १२.५२६. म्हणजे बरोबर ५ मिमीचा फरक, आणि त्यासाठी बॉक्समधे एक बारकी ५ मिमीची रिंग येते जी लोक एक्स्ट्रा समजून ड्रॉवरमधे टाकतात. ती आधी शोधा. कॅमेरा सीएसवाला असेल आणि त्याला मायक्रोस्कोपशी जोडणारा अडॅप्टर सी-माउंटचा असेल तर ती लागणारच.

रिंग जागेवर असेल तर मग अडॅप्टर जुळवायचा. चाळीसच्या ऑब्जेक्टिव्हला (स्लाइडजवळची ४० पट मोठं करणारी लेन्स) आयपीसमधून नीट फोकस करा, मग फोकसच्या नॉबला हात न लावता चारच्या ऑब्जेक्टिव्हवर या, आणि आता स्क्रीनवर बघत फक्त कॅमेऱ्याचा अडॅप्टर फिरवून (किंवा वरखाली सरकवून) चित्र शार्प करा, स्क्रू आवळा. उलटं का नाही, तर कमी पॉवरला आपला डोळा स्वतःच जुळवून घेतो, धूसर असलं तरी त्याला क्लिअर दाखवतो, सेन्सरला तसली माणुसकी नाही. आयपीसवरचं डायॉप्टर (ज्याच्या त्याच्या नजरेप्रमाणे जुळवायची रिंग) कोणी फिरवलं असेल तर सगळी मेहनत वाया जाते, म्हणून त्यावर मार्करने एक खूण करून ठेवा. पोरं फिरवणारच.

चित्र मधलंच का येतं? तुमच्या आयपीसला साधारण २० मिमीचं वर्तुळ दिसतं आणि अर्ध्या इंची म्हणतात त्या सेन्सरचा कर्ण असतो फक्त ८ मिमी. मधे ०.५ एक्सची लेन्स असलेला अडॅप्टर टाकलात तर तो १६ मिमी पकडतो. बजेट निघालं तर मागा. पिवळटपणा हॅलोजन दिव्याचा आहे, स्लाइडवरची रिकामी काच समोर आणा, व्हाइट बॅलन्सचं बटण एकदा दाबा आणि मग ऑटो बंद करून टाका. दिव्याची पॉवर कमीजास्त केली की रंग पुन्हा बदलेल, म्हणून उजेड दिव्याने नाही तर एक्सपोजरने (सेन्सर किती वेळ उजेड घेतो त्याने) कमीजास्त करायचा.

आणि तुम्ही विचारलं नाहीत पण सांगतो. सॉफ्टवेअर कोपऱ्यात "१० मायक्रॉन" अशी पट्टी छापतं ना, तिच्यावर विश्वास ठेवू नका. स्टेज मायक्रोमीटरची स्लाइड मिळते, १ मिमीचे १०० भाग, म्हणजे एक घर १० मायक्रॉनचं. प्रत्येक ऑब्जेक्टिव्हला तिचा एकेक फोटो घ्या, इमेजजे या फुकटच्या सॉफ्टवेअरमधे किती पिक्सेलला किती मायक्रॉन ते सेट करा. आमच्या ओळखीच्या एका लॅबने वर्षभर दहाच्या ऑब्जेक्टिव्हचं कॅलिब्रेशन चाळीसला वापरलं होतं, पेशी चौपट मोठ्या निघत होत्या आणि कोणाला शंकासुद्धा आली नाही.

प्रश्न: फ्लुरोसन्समधे (स्वतः चमकणारा रंग लावलेल्या) दोन सॅम्पलचा उजेड कंपेअर करायचाय. दोन्ही फोटो सारखेच ब्राइट येतात, डोळ्यांना मात्र फरक स्पष्ट दिसतो. गाइड म्हणतात कॅमेरा बदलून बघ. (एमएस्सीचा विद्यार्थी, पुणे)

ऑटो एक्सपोजर बंद कर रे बाबा. तो अंधारलेल्या सॅम्पलला जास्त वेळ देतो, उजळ सॅम्पलला कमी, आणि दोन्ही सारखे करून तुझ्या हातात ठेवतो, त्याचं कामच ते आहे. एक्सपोजर, गेन (सिग्नल किती पट वाढवायचा ते) दोन्ही हाताने सेट कर, गॅमा १ (म्हणजे उजेडाच्या प्रमाणातच आकडा), शार्पनिंग आणि नॉइज रिडक्शन बंद. जे सॅम्पल सगळ्यात उजळ आहे त्याच्यावर एक्सपोजर ठरव, हिस्टोग्रामचं (कुठल्या उजेडाचे किती पिक्सेल त्या आलेखाचं) उजवं टोक भिंतीला चिकटू द्यायचं नाही. १२ बिटचा कॅमेरा असेल तर भिंत ४०९५ ला, १६ बिटचा असेल तर ६५५३५ ला. तिथे पोचलेला पिक्सेल म्हणजे काठोकाठ भरलेली बादली, त्यावर किती सांडलं ते कळायला मार्ग नाही.

आता यातली मजा बघ. उजेड फोटॉनफोटॉनने येतो, पाऊस थेंबाथेंबाने येतो तसा, त्यामुळे मोजलेल्या आकड्यात त्याच्या वर्गमुळाएवढी गडबड असतेच असते. एका पिक्सेलमधे १०,००० इलेक्ट्रॉन जमले तर गडबड १०० ची, म्हणजे एक टक्का. १०० च जमले तर गडबड १० ची, म्हणजे दहा टक्के. गेन वाढवून फोटो उजळ दिसेल पण त्याने फोटॉन वाढत नाहीत. जास्त वेळ उघडा ठेव किंवा पाचसात फोटो काढून सरासरी घे, पण फ्लुरोसन्सचा रंग उजेडात विटतो तेव्हा त्यालाही मर्यादा आहे. आणि जेपेगमधे सेव्ह करू नकोस, तो फक्त २५६ पायऱ्या ठेवतो आणि वर दाबून टाकतो. न दाबणारी टिफ फाइल ठेव. गाइडना म्हणावं कॅमेरा राहू दे.

प्रश्न: मी हौशी आकाश निरीक्षक, १५० मिमीचा न्यूटोनियन (आरशाचा टेलिस्कोप, ७५० मिमी फोकल लेंथ) आणि कूल्ड कॅमेरा आहे. मे महिन्यात उणे दहावर सेट केला तर कूलर १०० टक्क्यावर अडकतो आणि तापमान हलतं. जूनच्या एका मोकळ्या रात्री ताऱ्यांभोवती गोल धुकट वलयं आली, मग मधोमध बर्फाच्या फुलासारखं काहीतरी दिसलं. डार्क फ्रेम (झाकण लावून काढलेले अंधारे फोटो) वजा केल्या तरी एका कोपऱ्यात उजेड राहतो. कॅमेरा एकूण बिघडलाय का? (रत्नागिरी)

नाही बिघडला. तुम्ही एका पत्रात चार दुखणी लिहिलीत आणि चारही वेगळी आहेत, पण कोकणात राहून हा उद्योग करताय म्हणून आधी तुमचं कौतुक.

थंड का करायचं तिथून सुरू करू. सेन्सर अंधारातसुद्धा नुसत्या उष्णतेने इलेक्ट्रॉन सोडत बसतो, आणि साधारण दर सहाएक अंशाला हे प्रमाण निम्मं होतं. म्हणजे ३० अंशावरून ० ला आणलात तर पाचदा निम्मं, बत्तिसावा हिस्सा. आणखी दहाने खाली गेलात तर अजून तिसराचौथा हिस्सा होईल, पण शहराच्या उजेडात आकाशाचाच गोंगाट इतका असतो की तो फायदा दिसतच नाही. चिलीतल्या रुबिन वेधशाळेच्या ३२०० मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचे सेन्सर उणे शंभराच्या आसपास ठेवतात, पण त्यांचं ठीक आहे, त्यांना डोंगरावर कोरडी हवा आहे आणि आपल्याला दमट गच्ची.

तुमच्या कॅमेऱ्यातला पेल्टिअर (विजेने एक बाजू गार करणारा) कूलर बाहेरच्या हवेपेक्षा पस्तीसएक अंशच खाली नेऊ शकतो. मे महिन्यात रात्री ३० असेल तर टोक उणे पाच, तिथेही तो धापा टाकत. ७० ते ८० टक्क्यावर चालेल असं तापमान निवडा, तुमच्याकडे उन्हाळ्यात +५ आणि थंडीत उणे ५, बास. विदर्भातल्या वाचकांनी एप्रिलच्या संध्याकाळी +१० वर समाधान मानावं. आणि पॉवर अडॅप्टर १२ व्होल्ट ५ अँपिअरचा वेगळा द्या, टेलिस्कोप फिरवणाऱ्या माउंटच्या पॉवरमधून काढू नका, बारीक वायर लांब असली की व्होल्टेज पडतं आणि कूलर कण्हायला लागतो, मग लोक कॅमेऱ्याला शिव्या देतात.

आता वलयं. २७ अंश आणि ८५ टक्के दमटपणा असेल तर साधारण २४ अंशाखाली काहीही गेलं की त्यावर दव धरतं. सेन्सरच्या पुढची काच आतल्या थंडीने तेवढी गार होतेच, माठ पाझरतो तशी ती बाहेरून भिजते, म्हणून ताऱ्यांभोवती वलय. यावर उपाय काचेभोवतीचा हीटर, बऱ्याच कॅमेऱ्यात असतो पण सॉफ्टवेअरमधे बंद पडलेला असतो, तो चालू करा.

बर्फाचं फूल मात्र वेगळं, ते आतलं आहे. सेन्सरची कुपी सीलबंद असते आणि तिच्यात ओलावा शोषणाऱ्या गोळ्या असतात, त्या तुडुंब झाल्या की ओलावा सेन्सरवरच गोठतो. खात्री करायला कॅमेरा काढा, गार असतानाच टॉर्च तिरका मारून काचेतून बघा, थेंब काचेच्या बाहेरच्या बाजूला की आत सेन्सरवर ते लगेच दिसतं. आतला असेल तर गोळ्या बदलायच्या किंवा कंपनीच्या पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे सुकवायच्या, पण हे काम पावसात गच्चीवर बसून करू नका! कुपी उघडली की सगळी दमट हवा आत. एसी तासभर चालवलेल्या खोलीत, गोळ्या हाताशी तयार ठेवून, दोन मिनिटांत उघडबंद. आणि सेशन संपल्यावर कूलर एकदम बंद करू नका, वॉर्मअपचं बटण असतं ते दाबून चहा प्या.

राहिला कोपऱ्यातला उजेड. काही सेन्सरमधे आतल्याच सर्किटमुळे कडेला झळाळी येते आणि ती नुसत्या वेळाच्या प्रमाणात वाढत नाही, म्हणून १८० सेकंदाच्या फोटोला ६० सेकंदाच्या डार्क तिपटीने वाढवून चालत नाही. वेळ तीच, गेन तोच, तापमान तेच. एका पावसाळी सुट्टीत बसून प्रत्येकी तीसेक डार्क काढून लायब्ररी करून ठेवायची, म्हणजे वर्षभर डोक्याला ताप नाही.

पण त्या डार्क कशा काढता? माझीच गोष्ट सांगतो. मी दुपारी कॅमेऱ्याची काळी प्लॅस्टिक कॅप लावून, टेबलावर ठेवून, मस्त जेवायला गेलो आणि शंभर डार्क काढल्या. त्या वजा केल्यावर प्रत्येक फोटोला एका बाजूला काळा डाग. आठवडा गेला, कॅमेरा परत पाठवायचं बोलणंसुद्धा झालं. शेवटी कळलं की बऱ्याच प्लॅस्टिकच्या कॅपमधून इन्फ्रारेड आरपार जातो, आपल्या डोळ्याला काळी कॅप आणि सेन्सरला ती नुसता पडदा, आणि टेबल खिडकीशेजारी. तेव्हापासून कॅपवर स्वयंपाकघरातली अल्युमिनियम फॉइल, वर काळं कापड, आणि काम रात्री. शंका आली तर कॅपवर टॉर्च मारून एक आणि न मारता एक असे दोन डार्क काढा, आकडे वेगळे आले तर गळती आहेच.

जाताजाता, तुमचा पिक्सेल ३.७६ मायक्रॉनचा असेल तर २०६ गुणिले ३.७६ भागिले ७५०, म्हणजे एका पिक्सेलला साधारण एक आर्कसेकंद (अंशाचा ३६०० वा भाग). आपल्या हवेला हे छान जमतं, बारलो (चित्र आणखी मोठं करणारी लेन्स) लावायच्या मोहात पडू नका.

प्रश्न: फोटोत गोलगोल वड्यांसारखे, मधे भोक असलेले डाग येतात. इअरबडने सेन्सर पुसू का? (नाशिक)

थांबा! आधी धूळ कुठे आहे ते शोधा. कॅमेरा अडॅप्टरमधे थोडा फिरवा आणि पुन्हा फोटो काढा. डाग फोटोत होते तिथेच राहिले तर धूळ कॅमेऱ्यावर, डाग सरकले तर ती पुढच्या लेन्सवर किंवा फिल्टरवर. लहान आणि गडद वडा म्हणजे धूळ सेन्सरजवळ, मोठा आणि फिकट म्हणजे लांब. बहुतेक वेळा ती बाहेरच्या काचेवर निघते. रबरी ब्लोअरने कॅमेरा तोंड खाली धरून फुंकर मारा. तोंडाने फुंकू नका, थुंकी उडते आणि मग खरोखर पुसायची वेळ येते. इअरबड तर अजिबात नको, त्याचा कापूसच आत राहतो.

तरी दोनचार वडे उरतात, त्यासाठी फ्लॅट फ्रेम. टेलिस्कोपच्या तोंडावर धुतलेला पांढरा टीशर्ट सुरकुती न पडता ताणायचा, सूर्य मावळल्यावरच्या आकाशाकडे करायचं आणि हिस्टोग्राम मधोमध येईल असे वीसेक फोटो काढायचे, कॅमेरा न काढता न फिरवता. फोटोला या फ्लॅटने भागलं की वडे आणि कडेचा काळोख दोन्ही जातात. मायक्रोस्कोपवर तेच काम स्लाइडच्या रिकाम्या जागेने होतं.

प्रश्न: चारपाच महिने वापरणार नाही, कॅमेरा कपाटात ठेवला तर चालेल? (ठाणे)

लोखंडी कपाटात नको, तिथे पावसाळ्यात चामड्याच्या पट्ट्याला बुरशी येते तर काचेला का नाही येणार. हवाबंद डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या आणि एक छोटा दमटपणा दाखवणारा मीटर, काटा ४० ते ५० च्या मधे राहिला की झालं. निळ्या जेलचे खडे गुलाबी झाले की ओव्हनमधे १२० अंशाला दोनेक तास, परत निळे. महिन्यातून एकदा बाहेर काढून अर्धा तास चालवा, पंखा फिरतोय ना बघा, केबलचं टोक तपासा, आणि यूएसबीची केबल तीन मीटरपेक्षा लांब घेतली असेल तर तीही याच सुट्टीत बदलून टाका. आणि डब्यावर मोठ्या अक्षरात नाव लिहा. आमच्याकडे नाव नव्हतं, दिवाळीनंतर उघडला तर कॅमेरा शेजारच्या पिशवीत आणि डब्यात, अतिशय कुरकुरीत राहिलेली, चकली.