ई-मेल कुणाला दिलाच नाही, तरी रोज इतके जंक मेल कुठून येतात? आयडी बंद करून नवा काढू का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: पंधरा वर्षं जुना जीमेल आयडी, रोज तीस-चाळीस नको ते मेल ‘येऊनच राहिले’, पत्ता कुठेच दिलेला नाही, आणि आता कंटाळून तो बंद करावा असं वाटतंय. मी अठरा वर्षांपासून नागपुरात बर्डीवर कॉम्प्युटर दुरुस्तीचं आणि लहान ऑफिसांचे मेल सांभाळायचं काम करतो. आठवड्यातून एकदा तरी हाच प्रश्न काउंटरवर येतो.

आयडी बंद करू नका. बँक, पॅन, इन्कम टॅक्स, विमा, गॅस, सगळीकडे तोच लावलेला असणार. पासवर्ड विसरलात तर नवा करायची लिंक तिथेच येते. 2013 मध्ये याहूने वर्षभरापेक्षा जास्त काळ न वापरलेले आयडी नव्या लोकांना वापरायला दिले, तेव्हा जुन्या मालकांचे खासगी मेल या नव्या लोकांच्या हाती पडायला लागले होते. गुगल बंद झालेलं नाव दुसऱ्याला देत नाही, पण तुमचा बँकेचा मेल तुम्हालाही मिळणार नाही, त्याचं काय? शिवाय पत्ता ज्या वाटांनी बाहेर गेला त्या वाटा उघड्याच राहिल्या, तर वर्षभरात नव्या आयडीची तीच गत होते.

‘कुठेच दिला नाही’ असं वाटणं साहजिक आहे, कारण देताना आपण तो मोजत नाही. एका दिवाळीच्या आधी बायकोसोबत एका प्रदर्शनात गेलो होतो. दाराशीच लकी ड्रॉची काचेची पेटी, शेजारी दोऱ्याला बांधलेलं पेन, आणि पिवळं कूपन: नाव, मोबाइल, ई-मेल, लग्नाचा वाढदिवस. लोक भिंतीला कूपन टेकवून भराभरा लिहीत होते. मी माझा पत्ता लिहिला, पण ॲटच्या चिन्हाआधी अधिकचं चिन्ह टाकून ‘कूपन’ हा शब्द इंग्रजीत जोडला. जीमेलमध्ये असं केलं तरी मेल आपल्याच इनबॉक्समध्ये येतो, फक्त कुठल्या पत्त्यावर पाठवलाय ते त्यात दिसतं. नवव्या दिवशी त्या पत्त्यावर उमरेड रोडच्या प्लॉटचा मेल आला. पंधरवड्यात पर्सनल लोन, मग क्रेडिट कार्ड, मग परदेशातल्या कुण्या विधवेचे अडकलेले कोट्यवधी डॉलर. हा शब्द जोडलेला पत्ता मी जगात त्या एका कागदावर लिहिला होता. कुणीतरी बसून ती कूपनं एक्सेलमध्ये उतरवली, ती फाइल विकली, आणि ज्याने घेतली त्याने पुढे विकली.

दुसरी वाट आपल्या समाजमंडळांची आहे, आणि हिच्याबद्दल कुणी बोलत नाही याचं मला फार वाईट वाटतं. वधू-वर परिचय मेळाव्याची पुस्तिका पूर्वी छापायचे, आता तिची पीडीएफ वेबसाइटवर ठेवतात. मुलीचं नाव, जन्मवेळ, वडिलांचा मोबाइल, ई-मेल, सगळं उघडं. माजी विद्यार्थ्यांच्या याद्या, सोसायटीच्या सभासदांच्या याद्या तशाच. वेबवर रात्रंदिवस फिरणारे प्रोग्राम असतात, त्यांना मजकुराशी घेणंदेणं नसतं. ते फक्त ॲटचं चिन्ह शोधतात आणि त्याच्या दोन्ही बाजूंचं उचलतात. तीनशे स्थळांची पुस्तिका म्हणजे एका झटक्यात तीनशे चालू पत्ते. तुमच्या ओळखीत कुणी मंडळाचं काम बघत असेल तर त्यांना एवढं सांगा, की ती फाइल पासवर्डमागे ठेवा.

तुम्ही खरोखर कुठेच दिलेला नसेल, तरी सुटका नाही. देशमुख, राऊत, वानखेडे अशी आडनावं, त्यांच्यापुढे नेहमीची नावं, मागे जन्मसाल, अशा लाखो जोड्या प्रोग्राम तयार करतो आणि सगळ्यांना मेल पाठवतो. जो परत आला नाही तो पत्ता खरा. नाव आणि साल असा साधा आयडी असेल, तर तो कुणी न सांगताही सापडतो.

आणि सगळ्यात मोठी वाट म्हणजे मोठ्या कंपन्यांची फुटलेली कोठारं. 2013 मध्ये ॲडोबी या फोटोशॉपवाल्या सॉफ्टवेअर कंपनीकडून सुमारे 15 कोटी खात्यांची माहिती चोरीला गेली. जानेवारी 2019 मध्ये ‘कलेक्शन वन’ नावाचा चोरलेल्या माहितीचा एक गठ्ठा सापडला, त्यात 77 कोटींच्या वर वेगवेगळे ई-मेल पत्ते होते, पासवर्डांसकट. आपला पत्ता अशा चोरीत गेलाय का हे बघायला ट्रॉय हंट या ऑस्ट्रेलियन तज्ज्ञाने 2013 मध्ये ‘हॅव आय बीन पोन्ड’ ही साइट सुरू केली. तिथे फक्त पत्ता टाकायचा, पासवर्ड नाही. पैसे लागत नाहीत.

हे सांगतोय कारण माझ्या घरात घडलंय. बाबा निवृत्त शिक्षक, नागपूरच्याच महाल भागात राहतात. एका सकाळी सहाला त्यांचा फोन आला, आवाज ओळखू येईना. रात्री मेल आला होता, विषयाच्या जागी त्यांचाच पासवर्ड लिहिलेला. आत लिहिलं होतं की तुमच्या कॅमेऱ्यातून तुमचं चित्रण केलंय, अमुक बिटकॉइन पाठवा, नाहीतर सगळ्या नातेवाइकांना पाठवतो. बाबांच्या कॉम्प्युटरला कॅमेराच नाही. तरी सत्तरीचा माणूस रात्रभर खुर्चीत बसून होता, आईलाही उठवलं नाही. पासवर्ड खरा होता, पण दहा वर्षांपूर्वी एका साइटवर वापरलेला. ती साइट कधीतरी फुटली होती, त्या यादीतून पत्ता आणि पासवर्ड उचलून हाच मेल बाबांसारख्या कित्येकांना गेला असणार. त्या माणसाकडे चित्रण वगैरे काही नसतं. असा मेल आला तर पैसे नाही, उत्तर नाही. तो पासवर्ड अजून कुठे चालू असेल तर तिथे बदला, आणि मेलला टू-स्टेप व्हेरिफिकेशन लावा, म्हणजे नव्या ठिकाणी लॉगिन करताना पासवर्डनंतर आणखी एक खात्री विचारली जाते. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना हे आधीच सांगून ठेवा, कारण लाजेपोटी ते विचारत नाहीत.

आता रोजच्या मेलचं. मेल नुसता डिलीट करू नका, ‘स्पॅम’ म्हणून कळवा. डिलीट केल्याने जीमेलला काही कळत नाही, स्पॅम दाबल्याने त्याचा फिल्टर शिकतो. अनसबस्क्राइबबद्दल लोकांचा गोंधळ होतो. ज्या दुकानातून, ॲपवरून तुम्ही खरंच काही घेतलंय, त्यांना अनसबस्क्राइब करा. फेब्रुवारी 2024 पासून गुगलने नियम केलाय, की जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला 5000 हून जास्त मेल पाठवणाऱ्यांनी जाहिरातीच्या मेलमध्ये एका क्लिकवर बंद करायची सोय द्यायलाच हवी. पाठवणाऱ्याच्या नावाशेजारी ते बटण दिसतं, तेच वापरा. पण अनोळखी मेलच्या तळाशी असलेल्या लिंकवर बोट ठेवू नका. ‘मला मेल पाठवू नका’ असं रागाने लिहूनही कळवू नका. त्यातून त्यांना एवढंच समजतं की या पत्त्यामागे जिवंत माणूस आहे, आणि अशा पत्त्याला जास्त भाव येतो.

फोटोंचंही तेच. मेलमध्ये एका ठिपक्याएवढं, डोळ्यांना न दिसणारं चित्र लपवलेलं असतं. मेल उघडला की ते चित्र त्यांच्या सर्व्हरवरून मागवलं जातं आणि मेल उघडल्याची नोंद होते. जीमेलच्या सेटिंगमध्ये इमेजेसच्या जागी बाहेरची चित्रं दाखवण्याआधी विचारायचा पर्याय आहे, तो निवडा.

पाठवणाऱ्याच्या नावावर तर भरवसाच ठेवू नका. अंतर्देशीय पत्राच्या मागे ‘प्रेषक’ म्हणून कुणाचंही नाव लिहिता यायचं, पोस्ट ते तपासत नव्हतं. ई-मेलची मूळ रचना तशीच आहे. म्हणूनच कधी आपल्याच नावाने आपल्यालाच मेल येतो. त्याचा अर्थ खातं हॅक झालं असा होत नाही, पण खात्री म्हणून गुगल खात्याच्या सिक्युरिटीमध्ये जाऊन कुठल्या फोनवर, कॉम्प्युटरवर लॉगिन आहे ते बघून घ्या.

1909 वर डीएनडी, म्हणजे जाहिरातींना नकार, लावलंय तरी मेल का येतात, असंही लोक विचारतात. ते फक्त कॉल आणि एसएमएससाठी आहे. आणि एखाद्या मेलच्या नादी लागून पैसे गेलेच, तर वेळ न घालवता 1930 या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे पुढे जाण्याआधी थांबण्याची शक्यता जास्त.

स्पॅमचा फोल्डर आठवड्यातून एकदा चाळा, कारण 30 दिवसांनी तिथलं आपोआप पुसलं जातं. आमच्या गल्लीतल्या एका पोरीचं मुलाखतीचं बोलावणं तिथे पडून होतं, तारीख निघून गेल्यावर दिसलं. तिचा चेहरा आठवला की अजून चुटपुट लागते.

तुमच्यासाठी मी असं करीन: जुना आयडी बँक, सरकारी कामं आणि घरच्यांसाठी ठेवा. कूपन, सेल, फुकटची ॲप्स, मॉलमधलं वायफाय यांच्यासाठी दुसरा, फोनवर न लावलेला आयडी काढा. अधिकच्या चिन्हाची युक्ती वापरू शकता, पण काही फॉर्म ते चिन्ह घेत नाहीत, आणि हुशार स्पॅमवाले ते कापून मूळ पत्ता काढतात, म्हणून दुसरा आयडी बरा. ‘शुभ सकाळ’चे मेल दोनशे जणांना एकदम पाठवणारे काका प्रत्येक घरात असतात. त्यांना पत्ते बीसीसीमध्ये, म्हणजे एकमेकांना न दिसणाऱ्या रकान्यात, टाकायला शिकवा, कारण त्या दोनशेंपैकी एकाच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरला की सगळे पत्ते बाहेर जातात.

माझ्या कूपनवाल्या पत्त्याला मी फिल्टर लावलाय. त्यावर आजही मेल येतात, गेल्या आठवड्यात सात आले, आणि सातही न उघडता सरळ ट्रॅशमध्ये गेले. तो फिल्टर लावताना कुठे अडलात तर इथेच विचारा, एकेक पायरी लिहून देईन.